हिरव्या ठिपक्याचा हेवा

ट्रक ड्रायव्हरला "कुठं आहेस?" असं विचारलं तर तो खोटं बोलतो, पण "काय जेवलास?" असं विचारलं तर खरं बोलतो, हा शोध कोहमाऱ्याच्या देवाजी रामटेकेनं लावला होता. त्याची खुर्ची याच शोधावर उभी होती.

ही खुर्ची त्याला सहजासहजी मिळाली नव्हती. देवाजी मूळचा सौंदडचा. तिथल्या मालधक्क्यावर त्याच्या बापानं पोती वाहिली, मग त्यानंही वाहिली. १९९९ साली गोंदियाच्या छोटेलाल सेठनं कोहमाऱ्याच्या चौकात ट्रान्सपोर्टचं ऑफिस काढलं तेव्हा देवाजी तिथं हमाल म्हणूनच लागला. पुढं ऑफिस सांभाळणारा मुन्शी आजारी पडून गावी गेला आणि सेठ चार दिवस फोनजवळ डोकं धरून बसला, कारण अकरा ट्रकांपैकी एकही कुठं आहे ते त्याला कळेना. पोतं खाली टाकून घाम पुसत देवाजी दारातून म्हणाला, "सेठ, सात नंबरवाला अजून राजनांदगावच्या पुढं आला नाई. मघा फोनवर लाखोरीच्या वरनाचं नाव काढलं त्यानं. ते वरन तिकडच्या एकाच ढाब्यावर भेटते." सेठनं ढाब्यावर फोन लावून पाहिलं, तर ड्रायव्हर तिथंच खाटेवर लोळत होता.

दुसऱ्या दिवशी देवाजीला खुर्ची मिळाली. रामटेक्यांच्या घराण्यात ऑफिसातली खुर्ची मिळवणारा तो पहिलाच. बुद्धविहाराच्या फलकावर तो सूचना लिहायचा, त्याचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं. तसाच एक काळा फळा त्यानं ऑफिसच्या भिंतीवर लावून घेतला. डावीकडं गाडीचा नंबर, मधे ड्रायव्हरचं नाव आणि उजवीकडं तो काय जेवला ते. मासोळी म्हणजे सरायपालीचा ढाबा, मुनग्याच्या शेंगांची कढी म्हणजे देवरीच्या अलीकडं. नुसता चहा-टोस्ट सांगितला तर समजायचं की गाडी बिघडली आहे आणि गडी सांगायला भितो आहे. आवाजावरूनही त्याला कळायचं. पोट भरलेला माणूस शब्द लांबवतो, भुकेला माणूस तोडून बोलतो, असं त्याचं म्हणणं.

दहा वर्षं सेठचा फोन आला की पहिलं वाक्य असायचं, "देवाजी, गाडी कहाँ है?" या चार शब्दांवर देवाजी जगत होता म्हटलं तरी चालेल. चौकातून जाताना त्याची मान ताठ असायची. चहावाला त्याला 'मुन्शीजी' म्हणायचा.

२०१० च्या उन्हाळ्यात सेठनं सगळ्या गाड्यांना जीपीएसच्या डब्या बसवल्या आणि ऑफिसात कॉम्प्युटर आणला. त्याच्यासोबत डिंपल बिसेन आली. पोवार समाजाची पोरगी, सौंदडचीच. गोंदियाच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली, रोज स्कूटीवरून यायची. कॉम्प्युटरची पूजा झाली. सेठनं नारळ फोडला, पडद्याच्या चौकटीला कुंकू लावलं. देवाजीच्या घरी नारळ-कुंकवाचा रिवाज छप्पन सालच्या धर्मांतरापासून बंद होता, तरी त्याच्या मनात आलं की आपल्या फळ्याला कधी कोणी साधं फूलसुद्धा वाहिलं नाही.

मग कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचा नियम झाला. धूळ येऊ नये म्हणून दाराला कापडी पडदा लागला. पंखा तिकडं गेला. डिंपलला गोल फिरणारी खुर्ची आली. देवाजीची लाकडी होती, एका पायाखाली पुठ्ठा घातलेली.

पडद्यावर नकाशा, नकाशात रस्ता आणि रस्त्यावर ठिपके. गाडी चालू असली की हिरवा, थांबली की लाल. सेठचा फोन यायचा. देवाजी उचलायचा आणि पलीकडून आवाज यायचा, "डिंपल को दे."

दिवसातून सहा वेळा देवाजी रिसीव्हर दुसऱ्याच्या हातात द्यायचा. सहाही वेळा त्याच्या छातीत काहीतरी करपायचं.

घरी बायको अन्नपूर्णा भाजी निवडता निवडता म्हणाली, "सेठनं तुमच्यावर सवत आणली म्हणते चौकात."

"कोण म्हणते?"

"सारेच म्हणतेत. तोंड त पाहा तुमचं. नव्या सवतीच्या घरातल्या बाईवानी झालं."

"तिले काय समजते? ठिपका समजते. मानूस समजते का ठिपक्यात?"

"मंग सांगा न तिले."

"कायले सांगू? मी शिकाले दहा वर्सं लावलो."

डिंपल तशी वाईट नव्हती, आणि हेच देवाजीला जास्त लागायचं. उद्धट असती तर बरं झालं असतं. ती त्याला 'देवाजीकाका' म्हणायची, डब्यातलं लोणचं द्यायची. एकदा फळ्यासमोर उभं राहून विचारलं, "काका, तुम्ही हे कसं ओळखता? मला सांगा ना. मशीनला सांगता येईल का बघते."

"अंदाज," देवाजी म्हणाला आणि खडू खिशात घातला.

लोडशेडिंग झालं की त्याची दिवाळी असायची. पडदा काळा व्हायचा, डिंपल हातावर हात ठेवून बसायची आणि देवाजी मोठ्या आवाजात फोनवर विचारायचा, "काय जेवलास गा?" महिनाभरात सेठनं इन्व्हर्टर घेऊन दिला. तीही दिवाळी गेली.

त्यातच भैय्यालाल ड्रायव्हरचं प्रकरण झालं. हा तीन वर्षं दर पंधरा दिवसांनी "मुनग्याची कढी" सांगायचा आणि देवाजी फळ्यावर "देवरीच्या अलीकडे" लिहायचा. डिंपलच्या पडद्यावर मात्र त्याचा लाल ठिपका हमरस्ता सोडून पाच कोस आतल्या एका गावात दिसला. ती भैय्यालालची सासुरवाडी निघाली. सासू कढी चांगली करायची.

सारं ऑफिस हसलं. सेठ तर टेबल बडवून हसला. "देवाजी, तेरी कढी तो ससुराल की निकली!" डिंपल हसली नाही, तिनं खाली पाहिलं. देवाजीला वाटलं, ही हसली असती तर शिवी तरी देता आली असती.

सेठला आता ठिपक्यांची चटक लागली. त्यानं नियम केला. ढाबा नसलेल्या जागी तासाभरापेक्षा जास्त लाल दिसलेल्या ड्रायव्हरची लांबची लाइन काढून घ्यायची, त्याला जवळच्या खडबडीत फेऱ्या द्यायच्या. दर शुक्रवारी डिंपल कागद छापायची आणि सेठ तो स्वतः दारावर चिकटवायचा. सगळ्यात कमी लाल ज्याचं, मग थांबा ढाब्यावरचा का असेना, त्याचं नाव सगळ्यात वर. ड्रायव्हर लोक आधी हसले. मग दारासमोर थांबून वाचू लागले. मग एकमेकांचं पाहू लागले.

सहा आठवडे वरचं नाव एकच होतं, घनश्यामचं.

हा घनश्याम म्हणजे देवाजीचा मालधक्क्यावरचा जोडीदार. एका पोत्याचे दोन कोपरे दोघांनी धरलेले. घरंही एकाच गल्लीत. पन्नाशी उलटलेला माणूस, पण कागदावर नाव वर आलं की पोरासारखा मिरवायचा. "आमचा ठिपका पाहा, धानाच्या बांधीवानी हिरवा," असं चौकात सांगायचा. ते ऐकून देवाजीला दुप्पट लागायचं. आपला माणूससुद्धा तिकडचाच झाला.

कार्तिकातला शुक्रवार होता. धान कापून बांध्यांत, खाचराखाचरांत पडलं होतं. घनश्याम संबलपूरहून लोखंड भरून येत होता. सकाळी दहाला त्याचा फोन आला.

"काय जेवलास गा?" देवाजीनं सवयीनं विचारलं.

"नाई जेवलो."

"काल?"

"काल बी नाई. चहा घेतलो दोन डाव. ढाब्याच्या पोऱ्यानं खिडकीतून देल्लन. गाडी चालूच होती."

देवाजीचा खडू फळ्याजवळ थांबला. दहा वर्षांत असं उत्तर त्यानं ऐकलं नव्हतं. घनश्याम तोडून बोलत होता आणि दोन शब्दांच्या मधे भलताच वेळ जात होता.

"झोपलास कोठी?"

"झोपू कोठी? थांबलो त लाल होते. आज शुक्रवार हाये, सेठ कागद लावते. येतो न मी, दुपारी पोचतो. मंग झोपतो."

फोन बंद झाला.

पडद्यापलीकडं डिंपल सेठशी बोलत होती. "हो सर. नाही सर, घनश्यामकाकांचं कालपासून एकही लाल नाही. सगळं हिरवं." तिच्या आवाजात आनंद होता, आणि पलीकडून सेठचं "शाब्बास, बेटा" देवाजीला फोनाबाहेर ऐकू आलं. दहा वर्षांत त्याला सेठनं कधी शाब्बास म्हटलं नव्हतं.

तेव्हाच सांगायचं होतं. उठायचं, चपला काढायच्या, पडदा सारायचा आणि म्हणायचं, पोरी, हा हिरवा ठिपका खोटा आहे, यातला माणूस दोन दिवसांचा उपाशी आणि जागा आहे. चार पावलांचं काम. देवाजी उठला नाही. त्याच्या मनात एक वाक्य आलं आणि गोड लागलं. हिरवं हाये न? राहू दे हिरवं. संध्याकाळी घनश्याम जागरणानं डोरे लाल करून येईल, सेठसमोर भेलकांडेल, मग मी सांगतो की तुमच्या मशीनले उपाशी मानूस दिसत नाई.

फळ्यावर घनश्यामच्या नावापुढची जागा त्यानं कोरी ठेवली. चहा मागवला. दोनदा रिसीव्हर उचलला आणि दोनदा ठेवला. अकराच्या सुमारास डिंपलनं पडद्याआडून डोकं काढलं.

"काका, घनश्यामकाकांचा फोन आला होता ना? ठीक आहेत ना?"

"ठीक हाये," देवाजी म्हणाला.

सव्वा वाजता ठिपका लाल झाला, कोहमाऱ्यापासून दहा किलोमीटरवर. सेठ नुकताच गोंदियाहून येऊन बसला होता. "चहाला थांबला असेल," डिंपल म्हणाली. "दस किलोमीटर पर कौन चाय पीता है?" सेठ म्हणाला. घनश्यामला लावलेला फोन नुसता वाजत राहिला. देवाजीनं तो वाजणारा फोन तीनदा ऐकला आणि कुणालाही न सांगता चौकात जाऊन पहिल्या मोटारसायकलवाल्याच्या मागं बसला.

ट्रक रस्ता सोडून बांधीत उतरला होता. बांधीचा धुरा, म्हणजे मातीचा बांध, फोडून त्याचं तोंड चिखलात गेलं होतं. धान उचलायला आलेल्या बायका धुऱ्यावर उभ्या होत्या आणि चार गडी दोर लावून केबिनचं दार ओढत होते. घनश्याम शुद्धीवर होता. उजवा पाय खाली अडकला होता. देवाजीला पाहून तो म्हणाला, "आलास का गा? मले वाटलं मी पोचलो." आणि त्याचे डोळे मिटले. ग्लानी होती की झोप, ते कुणालाच कळलं नाही.

पाय दोन जागी मोडला होता. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, चालेल, पण ट्रक चालवणं विसरा.

सोमवारी सेठनं दोघांना समोर उभं केलं. आधी डिंपलची पाळी.

"सब हरा था. हरा था तो सोया कैसे? तेरी मशीन क्या बताती है फिर?"

"सर, गाडी चालतेय एवढंच दाखवते. चालवणाऱ्याचं नाही दाखवत."

"तो किस काम की?"

डिंपलची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सहा महिने देवाजीनं हाच देखावा मनात रंगवला होता, अगदी याच शब्दांत. तो समोर घडत असताना मात्र तो खिशातला खडू चुरत उभा होता.

मग सेठ त्याच्याकडं वळला. "सुबह तुझसे बात हुई थी उसकी. क्या खाया बोला था?"

खरं सांगितलं असतं तर देवाजी जिंकला असता. जे मशीनला कळलं नाही ते त्याला तीन तास आधी कळलं होतं. आणि जिंकल्याबरोबर पुढचा प्रश्न आला असता, मग बोलला का नाहीस?

"दाल-चावल," देवाजी म्हणाला. "आरंगच्या उधर. बढ़िया बोल रहा था."

सेठनं हात झटकला. ड्रायव्हरच बेफिकीर, डुलकी लागली, संपलं. डिंपलला तसं मशीनमधे भरायला सांगून तो निघून गेला. त्याची गाडी चौकातून वळली. डिंपल पडद्याकडं पाहत राहिली, माउसचं चाक फिरवून घनश्यामच्या रेघेवर मागं मागं जात राहिली. मग तिनं एक कागद छापला आणि चपला न घालताच देवाजीच्या टेबलापाशी आली.

"काका, ही संबलपूरपासूनची रेघ. कुठं पाच मिनिटांवर थांबली नाही गाडी. आरंगला तर नाहीच." तिचा आवाज बारीक होता. "चालत्या गाडीत डाळभात कसा जेवले?"

देवाजी कागदाकडं पाहत राहिला. रेघ सरळ हिरवी होती. त्याची विद्या आणि तिची विद्या पहिल्यांदाच एका टेबलावर शेजारी आल्या होत्या आणि त्या दोन्हींनी मिळून त्यालाच पकडलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाई."

तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "थांबायची सूट देता येते, काका. इथं एक खूण केली की तो थांबा मोजत नाही, कागदावर येत नाही. ड्रायव्हर आजारी असला, थकला असला तर त्यासाठीच आहे ती. तुम्ही नुसतं म्हणाला असता तर मी केली असती. त्यांना फोन करून झोपा म्हटलं असतं."

"अशी खूण हाये?"

"पहिल्या दिवसापासून आहे. तुम्ही कधी आत आलाच नाहीत बघायला."

देवाजीनं ते ऐकलं. इतक्या दिवसांत त्यानं तिच्या सगळ्या चुका मोजल्या होत्या, मशीन किती वेळा बंद पडली ते तारखेनिशी सांगू शकला असता, पण त्या पडद्यावर काय काय करता येतं हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आपण लहान झालो असतो, असं त्याला वाटत होतं.

त्या दुपारी तो गोंदियाला दवाखान्यात गेला. घनश्यामचा पाय वर टांगला होता. देवाजीनं स्टूल ओढलं आणि इकडचं तिकडचं न बोलता सगळं सांगून टाकलं. फोन, कोरी ठेवलेली जागा, "ठीक हाये", डाळभात.

घनश्यामनं छताकडं पाहत ऐकलं.

"म्हणजे तुले समजलं होतं."

"समजलं होतं."

"मीच म्हणलं, हा चूप काऊन बसला? एरवी दहा शिव्या देऊन थांबवतेस." मग तो म्हणाला, "पोरीचा हेवा वाटत होता त मले सांगाचं होतं लेका. मी दर शुक्रवारी दोन तास लाल केलो असतो तुझ्यासाठी."

देवाजीनं बाहीनं डोळे पुसले.

"आता रडू नोको. मीई कागदावर नाव पाह्याले मरून राहिलो होतो, माझंबी काही कमी नाई." घनश्यामनं मान वळवली. "पन एक गोष्ट हाये. सेठचा मानूस आला होता. म्हणे मशीनमधे माझ्या नावावर 'बेफिकीर' लिवलं. माझा मोठा पोरगा लायसन काढून बसला हाये. बेफिकीराच्या पोराले कोन गाडी देईल? मले सांगून तू मोकळा झालास, पन मले काय भेटलं? जाऊन सेठले सांग."

मंगळवारी सकाळी देवाजीनं आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या दारात चपला काढल्या. डिंपलनं जागा करून दिली.

"घनश्यामच्या नावावर जे लिवलीस ते खोड. अन् मी सांगतो ते लिव."

त्यानं सांगितलं, तिनं टाइप केलं. चालक दोन दिवस उपाशी व जागा होता. लाल नोंदीच्या भीतीनं थांबला नाही. ही गोष्ट मुन्शी देवाजी रामटेके यांस सकाळी दहा वाजता माहीत झाली होती. त्यांनी कोणास सांगितली नाही. शेवटच्या वाक्यावर तिची बोटं थांबली.

"हे सरांना लगेच दिसेल, काका."

"दिसू दे."

दहा मिनिटांत फोन वाजला. डिंपलनं उचलला, ऐकला आणि पुढं केला. "तुम्हाला विचारतायत."

"दस साल में पहली बार झूठ बोला," पलीकडून सेठ म्हणाला. ओरडला नाही, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "वो भी एक छोकरी से जलकर?"

"हाँ, सेठ."

"कल से गेट पर बैठना. गाड़ियों की एंट्री कर. फोन को हाथ नहीं लगाना."

"घनश्याम का नाम..."

"वो मैंने पढ़ लिया."

फोन बंद झाला. कुणी काही विचारायच्या आत देवाजी टेबलाकडं गेला, खण उघडला, चष्म्याचं घर आणि जुनी वही काढली. मग परत डिंपलच्या कॉम्प्युटरपाशी आला.

"नऊ नंबरवाला नवा पोरगा, संघदीप. दोन दिवस झाले बारीक आवाजात बोलून राहिला. ताप असन. नाईत गाडीत काही मोडलं असन अन् सांगाले भेते. त्याले फोन लाव."

डिंपलनं रिसीव्हर त्याच्यापुढं धरला. "तुम्हीच विचारा ना. आज तरी."

"नाई. तू विचार. त्याले कोठी हाये म्हणून विचारू नोको. घरचं विचार पयले. माय कशी हाये म्हण."

तिनं नंबर फिरवला. सांगितल्याप्रमाणं आईची चौकशी केली. पलीकडचा पोरगा दोन मिनिटं बोलत राहिला. ताप आहे, अंग ठणकतं, कुणाला सांगू, दीदी. देवाजीला अशी गोष्ट काढायला चार फोन लागले असते. डिंपलनं पडद्यावर ती खूण केली आणि फोनवर म्हणाली, "झोप. तुझा थांबा मोजणार नाही."

देवाजी दारात उभा राहून चपला घालत होता. पोरगी चांगलं विचारते, हे त्याच्या कानांना कळलं होतं. आपल्यापेक्षाही बरं विचारते, हेही कळलं होतं. छातीत पुन्हा ते तसंच करपलं. त्यानं चपलेचा पट्टा लावला आणि गेटकडं चालू लागला.